सोळा वर्षांची गाडी घरी दुरुस्त करायची, तर सुरुवात कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी सोळा वर्षांची, पेट्रोलवरची, १,४२,००० किलोमीटर झालेली. वाहतुकीत अडकली की तापमानाचा काटा वर सरकतो आणि मोकळा रस्ता मिळाला की खाली येतो. तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ कण्हतो. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येते. गॅरेजमध्ये ‘आता काढून टाका’ असं सांगितलंय. तुम्हाला मात्र ती ठेवायची आहे आणि जमेल तेवढं काम शिकून घरीच करायचंय.

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींत इंजिन थकल्याची एकही खूण मला दिसत नाही. इंजिन थकलं की निळा धूर येतो, ऑइल कमी होत राहतं, चढावर दम लागतो. तुमच्याकडे यातलं काही नाही. तुमच्या तक्रारी वयाच्या आहेत. माणसं गाडीचे किलोमीटर मोजतात, पण रबर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि वायरींचे जोड हे सगळे वर्षं मोजतात. गाडी दारात उभी असली तरी होज पाइप कडक होत असतो, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत असतं, अर्थच्या (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या) वायरीखाली गंज धरत असतो. कमी चाललेल्या जुन्या गाड्या लोक हौसेने घेतात आणि वर्षभरात हैराण होतात, त्याचं कारण हेच. म्हणून जुन्या गाडीचं घरचं काम म्हणजे निम्मं काम वय कुठे लागलंय ते शोधायचं. आणि शोधायचं म्हणजे मोजायचं. अंदाजाने पार्ट बदलत गेलात तर तीन चांगले पार्ट फेकून चौथ्याला खरं दुखणं सापडेल.

हत्यारांवर फार लिहीत नाही. सहा कोनांचे चांगले सॉकेट, रिंग पाने, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळायचा पाना), साधा डिजिटल मल्टिमीटर, गाडीतल्या १६ पिनांच्या सॉकेटला लावायचा कोड रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडांचे कोड वाचणारा), आणि तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. एवढ्यावर बरीच वर्षं निघतात. पण एका गोष्टीत तडजोड नको: दोन भक्कम जॅक स्टँड, म्हणजे घोड्या. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. जमीन सपाट आणि कडक हवी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अटकाव, गाडी घोड्यांवर टेकलेली, आणि खाली जाण्याआधी हाताने जोरात हलवून बघितलेली. विटा, लाकडाचे ओंडके, ‘दोनच मिनिटांचं काम आहे’, यातलं काहीही नको. मोकळं केलेलं चाक गाडीच्या दारांखालच्या कडेखाली सरकवून ठेवा. घोडी सरकलीच तर गाडी आधी त्याच्यावर येते.

आता तापमानाकडे येऊ, कारण तिन्ही तक्रारींत गाडी कायमची संपवू शकेल अशी हीच एक आहे.

काटा नेमका कधी चढतो हे तुम्ही लिहिलंत, त्याने निम्मं निदान झालं. गाडी पळताना रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. उभी राहिली की तो फक्त फॅन देतो. त्यामुळे उभ्याने तापते आणि पळताना निवते म्हणजे पहिला संशय फॅनवर. उलट हमरस्त्यावर वेगात तापत असती तर मी चोक झालेला रेडिएटर, कमी झालेलं कूलंट किंवा वॉटर पंप यांच्याकडे बघितलं असतं. आणखी एक लक्षात घ्या. बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दामच आळशी ठेवलेला असतो. खरं तापमान बरंच वरखाली झालं तरी तो मधोमध बसून राहतो. म्हणजे तो हलताना दिसला तेव्हा इंजिन आधीच चांगलं तापलेलं असतं. कोड रीडर लावून कूलंटचं खरं तापमान अंशांत बघा, आणि काट्यावर विसंबू नका.

फॅनची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला लागतो. फिरला नाही तर फ्यूज बघा, मग फॅनचा रिले (विजेने चालणारा स्विच) शेजारच्या तशाच रिलेशी अदलाबदल करून बघा, मग फॅनच्या मोटरला बॅटरीवरून फ्यूज असलेल्या वायरीने थेट १२ व्होल्ट द्या. थेट देऊनही फिरत नसेल तर मोटर गेली. थेट दिल्यावर फिरतो पण एरवी फिरत नाही, तर दुखणं रिले, वायर किंवा सेन्सरमध्ये आहे. हे करताना हात आणि बाही पात्यांपासून लांब ठेवा, कारण गरम गाडीत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

फॅन ठीक निघाला तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची तशीच जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारा. सोळा वर्षांत तिथे धूळ, किडे आणि पानांचा चुरा यांची वाकळ तयार झालेली असते. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून कुणी साफ करत नाही. इंजिनच्या बाजूने पुढे, पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पातळ पात्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो.

त्यानंतर रेडिएटरची टोपी. सगळी गंमत दाबात आहे. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. ग्लायकॉलचं कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर साधारण १०८ अंशांना. आणि टोपीने साधारण १ बार दाब धरून ठेवला तर सव्वाशे अंशांच्या पुढे. टोपीच्या आतली रबरी रिंग कडक झाली किंवा चिरली की दाब सुटतो आणि वरची पंधरा-वीस अंशांची सगळी सूट निघून जाते. स्वस्तातली स्वस्त वस्तू, पण तिच्यामुळे इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, उतरवायची वेळ आलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. गरम गाडीची टोपी कधीच उघडायची नाही. वरचा होज पाइप हाताने दाबून बघा. तो मऊ लागला आणि कोमट झाला, तरच टोपीला हात लावा. टोपी निघताच आतलं पाणी एका क्षणात उकळून अंगावर येतं.

पाइप दाबताना त्याची नाडीही बघा. चांगला पाइप लवचिक लागतो. आतून कुजलेला दाबल्यावर बारीक करकरतो, क्लिपच्या मागे फुगलेला दिसतो, किंवा तेल लागून चिकट मऊ झालेला असतो. एक पाइप असा निघाला तर सगळे बदला. ते एकाच वयाचे आहेत.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, तपासायची जुनी पद्धत मला अजून आवडते, कारण तिच्यात डोळ्यांनी दिसतं. थर्मोस्टॅट काढा, दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर पाणी तापवा. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२ किंवा ८८. त्या आकड्याच्या आसपास तबकडी किंचित उचलली गेली पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. आतलं मेण वितळून फुगतं आणि तबकडीला ढकलतं, एवढंच ते यंत्र आहे. उघडलीच नाही किंवा तिरकी उघडली तर बाद. थंड असतानाच उघडी दिसली तरीही बाद. अशी गाडी तापत नाही, पण इंजिन कधीच पुरतं गरम होत नाही, हीटर कोमट राहतो आणि पेट्रोल जास्त जातं. ते भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. नवा बसवताना त्यावरचं बारीक हलणारं पिन-छिद्र वरच्या बाजूला यायला हवं, म्हणजे हवा तिथून निसटते.

कूलंट बदलताना डिस्टिल्ड पाणीच घ्या. नळाच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतो. जुनं हिरवं कूलंट साधारण दोन वर्षांत आणि सेंद्रिय आम्लाचं दीर्घायुषी कूलंट पाचेक वर्षांत बदलायचं असतं. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. रंगावरून प्रकार ओळखू नका, डब्यावरचं वाचा. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचं तोंड थोडं उंच करून हवा काढा. आत हवेचा बुडबुडा अडकला तर नव्या पार्टांसकट गाडी तापते आणि माणूस वेड्यासारखा सगळं पुन्हा उघडतो. काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका. चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना, लहान मुलांना जिवावर बेततं.

हे सगळं करूनही कूलंट कमी होत असेल आणि जमिनीवर थेंब दिसत नसेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधल्या पातळ सीलची, शंका घ्या. खुणा अशा: ऑइलच्या टोपीखाली दुधाळ साय, गरम झाल्यावरही न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे. नुसती साय दिसली म्हणून घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ऑइलमधलं पाणी उडतच नाही आणि टोपीला अशी साय धरते. एकदा तासभर मोकळी पळवून पुन्हा बघा. रेडिएटरचं लीकेज बंद करणारी औषधं मी कुणाच्याही गाडीत टाकत नाही. ती भोक बुजवतात तशाच हीटरच्या नळ्याही बुजवतात.

आणि रस्त्यात काटा चढला तर? एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा फॅन जोरात. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा मिळताच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘घर दोन किलोमीटरवर आहे’ या विचाराने अॅल्युमिनियमची हेडं वाकतात, आणि हेडला कागदाच्या जाडीइतका वाक आला तरी गॅस्केट धरत नाही.

आता सेल्फ कण्हतो त्याबद्दल. इथे लोक नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात आणि दोन महिन्यांनी तीही उतरते. आधी तीन आकडे काढा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, दार उघडून सगळे दिवे जागे करण्याआधी, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. मग इंजिन चालू असताना बघा, साधारण १३.८ ते १४.७ च्या दरम्यान हवा. तिसरा आकडा कमी असेल तर दोष अल्टरनेटर किंवा त्याच्या बेल्टचा. तिसरा ठीक, पहिला चांगला, आणि सेल्फ मारताना कोसळतो, तर बॅटरी म्हातारी.

पण तिन्ही आकडे चांगले असूनही सेल्फ कण्हतो असं जुन्या गाडीत वारंवार होतं, आणि त्याचं कारण अर्थिंग. सेल्फ साधारण १५० अँपिअर ओढतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी आणि इंजिनपर्यंतच्या वाटेत, गंजलेल्या बोल्टखाली, समजा ०.०१ ओम इतकाच अडथळा आला. १५० गुणिले ०.०१ म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडले. मल्टिमीटरने ओम मोजायला गेलात तर त्याला ०.०१ ओम दिसणारही नाही. वायर ठणठणीत आहे असंच तो सांगेल. म्हणून विजेची वायर ओझ्याखाली तपासायची असते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटीवर दाबून धरा. लाल टोक इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. आता सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी गंज आहे. मग लाल टोक एकेक पायरी मागे आणत जा: इंजिन, वायरीचं टोक, बॉडीचा बोल्ट, बॅटरीचा क्लॅम्प. ज्या पायरीला आकडा एकदम घसरतो, ती आणि तिच्या आधीची पायरी यांच्या मधला जोड उघडा, पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. पॉझिटिव्ह बाजूलाही, बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या टर्मिनलपर्यंत, हीच परीक्षा. जुन्या गाडीतले मंद हेडलाइट, विनाकारण पेटणारे इशाऱ्याचे दिवे, एसी लावला की दचकणारं इंजिन, यातलं बरंच काही याच एका दुखण्यातून येतं.

तुमची गाडी उभी राहिल्यावरच उतरते, म्हणून गळतीही मोजा. सगळं बंद करून, दारं लावून, बॉनेट उघडं ठेवून अर्धा-एक तास थांबा, म्हणजे आतले कंट्रोलर (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपतात. निगेटिव्ह क्लॅम्प काढून त्याच्या आणि खुंटीच्या मध्ये १० अँपिअरच्या खाचेत लावलेला मीटर जोडा. जोडल्यावर काही कंट्रोलर पुन्हा जागे होतात, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. हिशोब बघा: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, ४५ अँपिअर-अवरची बॅटरी आठवडे काढते. तेच अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला १२, तीन दिवसांत ३६. चौथ्या दिवशी सेल्फ कण्हणारच. तुमच्या ‘तीन-चार दिवस’शी हे जुळतं, म्हणून मला डिकीतला न विझणारा दिवा, नंतर बसवलेला स्टिरिओ किंवा अलार्म यांचा संशय आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो, ते सर्किट धरा. मीटर मध्ये असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्यावर वाकून ठिणगी पाडू नका.

पुढच्या खडखडीचं निदान कानाने सुरू होतं. हळू वेगात, लहान खड्ड्यांवर, एकच चाक वरखाली होताना टकटक येत असेल तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझर लिंक (गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याचा छोटा दुवा) असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट येत असेल तर सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा). मोठ्या आदळ्यावर एकच जड ठोका येत असेल तर बुश (जोडातलं रबर) किंवा स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाचं) माउंटिंग. मग गाडी घोड्यांवर घेऊन चाक हलवा. वरून-खालून धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉडचं (स्टिअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं) टोक. कुणाला चाक हलवायला सांगून तुम्ही जोडावर बोट ठेवा. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटाला लागतो. लिंक घरी सहज बदलते. बॉल जॉइंट बऱ्याच गाड्यांत प्रेसशिवाय निघत नाही. स्ट्रटची स्प्रिंग मात्र घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो, आणि ओबडधोबड कॉम्प्रेसरवर ती सुटते.

चाक काढलंच आहे तर ब्रेक बघून घ्या. तुम्ही विचारलेलं नाही, पण सोळा वर्षांच्या गाडीत मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. पॅडवर ३ मिलिमीटरपेक्षा कमी मटेरियल राहिलं असेल तर बदला. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप झिजलेला दिसला तर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) सरकत्या पिना जाम आहेत. काढा, साफ करा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस तिथे नको, त्याने रबर फुगतं. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला टांगा. आणि काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असतो; पहिला दाब पोकळच जातो आणि गाडी थांबत नाही.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शिरलं की तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. लांब घाट उतरताना ते उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, पेडल थेट खाली.

रबरी ब्रेक होजबद्दल मला स्वतःला महागात पडलेला धडा सांगतो. माझ्या एका जुन्या गाडीचं पुढचं डावं चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहायचं, रिम हात लावण्यापलीकडे तापायची. मी कॅलिपर बदलला. दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी चाक धरलेलं असताना कॅलिपरच्या वर होजचा जोड सैल केला आणि चाक मोकळं फिरलं. होज आतून सुजला होता. पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, पण परत यायला वाट उरायची नाही. बाहेरून तो होज अगदी नव्यासारखा होता. तेव्हापासून दहा वर्षांपुढच्या गाडीत मी होज आधी बदलतो.

कागदपत्रं काढा आणि टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व यांचा मेळ राखणारा पट्टा) शेवटचा कधी बदलला ते शोधा. हे आजच करा. तुमच्या इंजिनात बेल्ट आहे की चेन ते मॅन्युअल सांगेल. बेल्ट असेल आणि नोंद सापडत नसेल तर तो बदललेला नाही असंच समजा. कंपन्या साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, यातलं जे आधी येईल ते सांगतात. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतो आणि एका क्षणात गाडी खरोखर ‘काढून टाकण्याजोगी’ होते. हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नका. जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या आणि शेजारी उभे राहून बघा. बेल्टमागे असलेला वॉटर पंप आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी कप्पी) त्याच वेळी बदला.

इंजिन ऑइल वेळेवर बदला, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं घाला. जुनं झालं म्हणून जाड ऑइल घालायची घाई नको. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की सगळं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर येतं. एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर ही कामं तुम्ही सांगितल्याशिवायही कराल.

खरा घाम काढतात ते गंजलेले बोल्ट. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे साफ करून भेदक (गंजात मुरणारं) तेल मारा. सकाळी सहा कोनी सॉकेट लावा. बारा कोनी सॉकेट कोपरे खातो. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने दोन-चार नेमके ठोके द्या, आणि पहिला प्रयत्न किंचित घट्ट करण्याचा करा. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला की गंज सुटला. मग पाव फेरा सैल, थोडा घट्ट, पुन्हा तेल, असं मागेपुढे करत काढा. बोल्ट फिरतोय पण रबरासारखा मऊ लागतोय असं वाटलं की थांबा. तो सुटत नाहीये, पिळवटतोय. अॅल्युमिनियममधले बोल्ट नेहमी हाताने सुरू करा. स्पार्क प्लग बसवताना त्याच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून फिरवा; आटा तिरपा धरला तर नळी घसरते आणि हेडचे आटे वाचतात. इंजिन थंड असतानाच प्लग काढा.

काढलेल्या प्लगकडे नीट बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे सगळं छान. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे ऑइल जळतंय. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. कमी निघालं तर चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजा: वाढलं तर पिस्टन रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व किंवा गॅस्केट.

कोड रीडरबद्दल एक सावधगिरी. कोड लक्षण सांगतो, पार्ट सांगत नाही. ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. लोक लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात, तर खरं कारण बहुधा चिरलेली व्हॅक्यूम नळी असते, नाहीतर मळलेला हवेचा सेन्सर किंवा दमलेला पेट्रोल पंप. सेन्सरने खरं सांगितलं म्हणून त्यालाच काढून टाकल्यासारखं होतं.

स्प्रिंगशिवाय आणखी काही कामांना घरी हात लावू नका. एअरबॅगची वायर, सहसा पिवळ्या कनेक्टरची. एसीचा गॅस. कॉमन रेल डिझेल गाडीच्या इंजेक्टरच्या नळ्या, जिथे १,६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो आणि बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. बंद जागेत इंजिन चालू ठेवणं तर मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणता पार्ट, किती टॉर्क. प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरून किती किलोमीटरला किती लीटर गेलं तेही लिहा. ब्रेक धरणं, थर्मोस्टॅट उघडा राहणं, टायरमधली हवा, या सगळ्यांचा पत्ता त्या आकड्याला आधी लागतो. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वहीत टिपून ठेवा: २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी चांगली असली तरी दरवर्षी चिरांसाठी तपासून घ्यायचा.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. आज संध्याकाळी एसी लावून फॅन फिरतो का ते बघा आणि बेल्टची नोंद शोधा. उद्या सकाळी दार उघडण्याआधी बॅटरीचा आकडा घ्या. सुटीच्या दिवशी गाडी घोड्यांवर घेऊन लिंक, बुश आणि ब्रेक. मध्ये कोणताही पार्ट विकत घेऊ नका. सकाळचा आकडा १२.५ च्या वर असून सेल्फ तरीही कण्हत असेल, तर इंजिनच्या अर्थपासून सुरुवात करा. १२.२ च्या खाली असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून आधी गळती मोजा. फॅन, टोपी, कूलंटची पातळी आणि ती मधली फट ही चारही ठीक असूनही उभ्याने तापत असेल, तर कोड रीडरवरचं तापमान आणि वरच्या-खालच्या पाइपच्या गरमपणातला फरक मला कळवा. वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा थंड असेल, तर थर्मोस्टॅट भांड्यात टाकायची वेळ आली.